वेनबाईच्या विहिरीचा ठसा

शिळेवरच्या जुन्या अक्षरांचे शाईचे ठसे जमवणारी माणसं मोठी हावरट. अक्षर फुटण्याआधीचा ठसा मिळाला तर डोक्यावर घेऊन नाचतील, नंतरच्याकडं ढुंकूनही बघणार नाहीत. चीनमधल्या लोयांग शहरातला लुआन पैछंग त्यातलाच. तिशीत असताना शीगोउ गावी जाऊन त्यानं विहिरीवरच्या शिळेला ओला कागद चिकटवला, कापडी बोळ्यानं शाई थोपटली, ठसा अलगद सोलून घेतला. आणि मग काय केलं? छिन्नी घालून एक अक्षर उडवलं! अख्खं अक्षर आता फक्त आपल्याकडं, या मस्तीत चाळीस वर्षं मिरवला.

आज त्याच गावची छ्याओबाई त्याच्या दारात उभी होती.

"काका, वेनबाईंचं पूर्ण नाव तुमच्याकडं आहे म्हणे. आमची विहीर त्यांनीच खणवली. छिंगमिंगच्या, पितरांच्या सणाला पहिली बादली त्यांच्या नावानं ओततो, पण नुसतं 'वेन, वेन' करत. पुढचं सांगणाऱ्या म्हाताऱ्या गेल्या. आता नवी शिळा घडवायचीय."

लुआननं ठसा पसरला. "वेन शिउ," त्यानं वाचलं.

बाईनं ते नाव दोनदा पुटपुटलं आणि बाहीनं डोळे पुसले. "सासरे असायला हवे होते हो! त्यांच्या गाडीचा धक्का लागून अक्षर फुटलं, असं गाव म्हणायचं. ते घसा फोडून सांगायचे, माझी गाडी लागली नाही. कोण ऐकतंय! विहीर बंद केली त्यांना. मरेपर्यंत नदीचं गढूळ पाणी प्याले."

बोल मेल्या, आता तरी बोल! पण लुआन ठशाच्या सुरकुत्याच सारख्या करत बसला.

"आणि कडेला हे बारीक काय लिहिलंय?"

लिहिलं त्यानंच होतं, खाली शिक्काही त्याचाच: 'ठसा घेतला आणि अक्षर मीच उडवलं. असा दुसरा आता होणे नाही.'

"काही नाही, तारीख."

त्यानं कात्री उचलली. ती कड कापायला कितीसा वेळ! मग कात्री खाली ठेवून त्यानं ठसा गुंडाळला आणि तिच्या हातात दिला. "घेऊन जा. गावच्या मास्तरांकडून सगळं वाचून घ्या. कडेचंसुद्धा."

"देवमाणूस आहात, काका!" ती कमरेत वाकली. "आधी सासऱ्यांच्या थडग्यावर जाते. सांगते, लुआनकाकांनी नाव जपून ठेवलं होतं."

ती गेली. तोंडानं सांगायची हिंमत आजही झाली नाही, म्हणून म्हातारा दाराला धरून रडला.