हॅड स्टॉप्ड बिटवीन

डोंबिवली पूर्वेच्या एका सात मजली सोसायटीची लिफ्ट सोमवारी सकाळी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत कोणी नव्हतं. दिवा चालू होता, पंखा फिरत होता. सोसायटीच्या सेक्रेटरी उत्तरा जोगळेकर यांनी जिन्यात उभ्या उभ्याच मोबाइलवरून लिफ्टची देखभाल करणाऱ्या ठाण्याच्या कंपनीला इंग्रजीत तक्रार धाडली. 'द लिफ्ट हॅड स्टॉप्ड बिटवीन फोर अँड फाइव्ह.'

तासाभरात उत्तर आलं. लिफ्ट थांबली होती, ती कोणत्या घटनेच्या आधी, ते कळवावं. दुसरी घटना नसल्यास तक्रार अपूर्ण समजली जाईल. खाली नाव होतं क्षिप्रा, तक्रार विभाग.

उत्तराने फोन लावला. पलीकडची मुलगी अत्यंत नम्र होती.

"मॅडम, तुम्ही हॅड लिहिलंयत. हॅड लिहिलं की आमच्या सिस्टीममध्ये दोन रकाने उघडतात. आधीची घटना आणि नंतरची घटना. तुमचा दुसरा रिकामा आहे."

"अहो, मग हॅड काढून टाका. नुसतं स्टॉप्ड करा."

"ती नवीन तक्रार होईल. आणि एका लिफ्टच्या दोन तक्रारी एका वेळी चालू ठेवता येत नाहीत."

उत्तराने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जिना चढून सातव्या मजल्यावर गेली. तिथे बाळकाका दामले राहायचे. वय एक्क्याऐंशी. कल्याणच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. मुलं 'आय हॅड गॉन टू ठाणे' म्हणाली की ते चष्म्यावरून पाहत विचारायचे, "मग?" पुढचं काही नसेल तर त्या मुलाला उभं राहावं लागे. अर्धा वर्ग नेहमी उभा असायचा.

काकांनी मोबाइलवरचं कंपनीचं उत्तर दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उजळला.

"मुलगी बरोबर बोलतेय, उत्तरा. व्याकरण पाळणारं अजून कोणीतरी शिल्लक आहे म्हणायचं."

"काका, लिफ्ट बंद आहे."

"तेच म्हणतोय. ती बंद पडल्यानंतर काहीतरी घडायला हवं."

उत्तराने दूधवाला जिन्याने वर आला असं लिहून पाठवलं. क्षिप्राने नाकारलं. दूधवाला रोजच जिन्याने येतो, हे तिने वॉचमनला फोन करून विचारून घेतलं होतं. घटना अशी हवी, की जी एरवी घडली नसती.

गुडघ्यांमुळे गेल्या आठ वर्षांत काकांनी जिन्याची एकही पायरी उतरली नव्हती. "मी खाली जातो," ते म्हणाले.

त्यांचा मुलगा सलिल घरूनच काम करत होता. त्याने आधी वाद घातला, मग प्लास्टिकची खुर्ची आणली. वॉचमन सहदेव वर आला. पुढून सहदेव, मागून सलिल, मध्ये खुर्चीत काका, आणि खुर्ची सरळ राहतेय ना हे पाहत उत्तरा. चौथ्या मजल्यावर ते दम खायला थांबले. दाराच्या काचेतून काकांना अडकलेल्या लिफ्टची उजळलेली जमीन दिसली, मजल्याच्या छताच्या थोडी खाली.

"दोन महिन्यांपूर्वी पण अशीच अडकलेली," सहदेव घाम पुसत म्हणाला. "मी जेवायला गेलेलो."

"मग?" काकांनी सवयीने विचारलं.

"मग काय? जेवायला गेलेलो."

पहिल्या मजल्यापर्यंत काका तोंडातल्या तोंडात 'गेलेलो' म्हणत होते.

फाटकापाशी खुर्ची टेकली, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. उत्तराने पूर्ण वाक्य पाठवलं. मिस्टर दामले फाटकापर्यंत खाली गेले, त्याआधी लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मध्ये थांबली होती. क्षिप्राचं उत्तर लगेच आलं. वाक्य निर्दोष आहे, अभिनंदन. श्री. दामले खाली पोहोचले असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

सलिलचा आवाज चढायला लागला, तेव्हा काकांनी हात पुढे करून फोन मागितला.

"मी दामले. खाली उतरलेला माणूस मीच."

"नमस्कार सर."

"मला वर जायचंय. हा कोणता काळ?"

"भविष्यकाळ, सर."

"त्याला तुमच्याकडे रकाना आहे?"

"नाही सर. जे घडलंय तेच आम्ही घेतो." तिने विचारलं, "सर, तुम्ही आत्ता कुठे बसलायत?"

"फाटकाच्या आत. ऊन यायला लागलंय. सहदेव छत्री आणायला गेलाय."

मग ती म्हणाली, "मी येते."

पाचच्या सुमारास ती रिक्षातून उतरली. विशी ओलांडलेली, खांद्याला लॅपटॉपची बॅग. सोबत सूरज नावाचा मेकॅनिक होता. तक्रारच नसल्यामुळे त्याला कागदोपत्री पाठवता येत नव्हतं, म्हणून कळव्याला घरी निघालेल्या त्याला तिने वाटेत गाठून आणलं होतं. सूरजने एकेका मजल्याचं दार तपासलं. तिसऱ्या मजल्याच्या दाराच्या खाचेत बडीशेपेची रिकामी पुडी अडकली होती, त्यामुळे ते दार पूर्ण लागत नव्हतं. ती काढल्यावर लिफ्ट हलली. बारा मिनिटं लागली.

काकांना वर सोडायला क्षिप्रा लिफ्टमध्ये शिरली. दार लागल्यावर ती म्हणाली, "सर, तो दुसरा रकाना मी केलाय. कंपनीने सांगितलेला नाही."

"का केलास?"

"इंटरव्ह्यूला मी म्हणाले होते, आय हॅड गॉन टू कल्याण. समोरचे तिघं हसले. एकाने विचारलं, अँड देन? मला काही सुचलं नाही. खरंच काही झालं नव्हतं, मावशीकडे जाऊन आले होते. पाच ठिकाणी नापास झाले. मग व्याकरणाचं पुस्तक पाठ केलं."

काकांच्या डोळ्यांसमोर वर्गात उभी राहिलेली मुलं आली. त्यातली कितीतरी खरंच नुसती कुठेतरी जाऊन आली असतील.

"आपण मराठीत गेलेलो म्हणतो," ते सावकाश म्हणाले. "ते तेवढ्यावरच संपतं. इंग्रजी बोलतानासुद्धा आपण गेलेलोच म्हणत असतो. मला हे आज जिन्यात कळलं. चौतीस वर्षं मी मुलांना उगाच उभं केलं."

"पण नियम बरोबर आहे ना, सर?"

"नियम बरोबर आहे. मी बरोबर नव्हतो."

सातव्या मजल्यावर सलिलने पोहे केले होते. क्षिप्राने दोनदा घेतले आणि मावशी कल्याणला खडकपाड्यात राहते, तिच्याकडे कोणकोणती झाडं आहेत, हे सगळं सांगितलं. काकांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. पुढच्या आठवड्यात तिने तो रकाना काढून टाकला. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा फारसा वापरात नव्हता, असं तिने सांगितलं.