मुंगीचं चित्र

ड्रॉइंगच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या, त्यांची कात्री मात्र झाली नाही. टपालाने चित्रं पाठवणाऱ्यांच्या एका मंडळात त्या शिरल्या होत्या. बसची तिकिटं, मासिकांची पानं, कापडाचे तुकडे कापायचे, चिकटवून पोस्टकार्डाएवढं चित्र करायचं आणि कधी न पाहिलेल्या माणसाला धाडून द्यायचं, एवढाच उद्योग. मंडळात खरी नावं कुणी वापरत नसे. बाईंचं नाव होतं टाचणी, आणि ते त्यांच्या फटकळ तोंडाला शोभूनही दिसायचं.

बाईंचं खरं सूत जमलं ते मुंगीशी. ही मुंगी दाण्याएवढे तुकडे कापून त्यातून अख्खं गाव उभं करायची. कित्येक वर्षांची मैत्री, पण कधी भेट नाही, फोन नाही, जे बोलायचं ते टपालाने. अलीकडे मात्र तिच्याकडून काहीच आलं नव्हतं, आणि बाई मनातून रुसून बसल्या होत्या.

अशात त्यांनी वाचनालयाच्या वरच्या खोलीत मंडळाचं प्रदर्शन भरवलं. अशा प्रदर्शनाचा नियम एकच: जे येईल ते भिंतीवर लावायचं, निवड करायची नाही. बाईंनी तो निमंत्रणात ठळक लिहिला आणि स्वतःच मोडला. उद्घाटनाला कला महाविद्यालयाचे प्राचार्य येणार होते ना! आदल्याच दिवशी एक पाकीट आलं. पत्ता अनोळखी अक्षरात, आत नाव नाही. चित्र म्हणजे नुसता गोंधळ. कागद कापण्यापेक्षा फाडलेलेच जास्त, गोंद कडेने ओघळलेला, आणि मधोमध सुरेख निळ्या कागदाचा एक वाकडातिकडा तुकडा.

"हे लावलं तर माझंच हसं व्हायचं," असं म्हणून बाईंनी नाक मुरडलं आणि ते टेबलाखालच्या खोक्यात टाकलं.

तिथे थांबल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. पण त्यांच्या स्वतःच्या चित्रात आभाळाला निळा रंग कमी पडत होता, आणि चांगला कागद दिसला की या मंडळींचे हात शिवशिवतात. बाईंनी तो तुकडा अलगद सोडवला, कडा कापून सारख्या केल्या आणि आपल्या आभाळात बसवला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी नेमकं त्या आभाळाचं कौतुक केलं. बाई हवेत तरंगत होत्या.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर एक तरुणी जिना चढून आली.

"मी मुंगीची मुलगी," ती म्हणाली. "आईला यायचं होतं हो, पण अर्धं अंग गेलंय तिचं. उजवा हात उचलत नाही. डाव्या हाताने केलेलं हे पहिलंच चित्र. मला नीट बघूही दिलं नाही, पाकीटसुद्धा दातात धरून स्वतःच बंद केलं. पत्ता तेवढा मी लिहिला. नाव टाकू का विचारलं, तर म्हणाली, कशाला, टाचणी ओळखेल."

बाईंची नजर टेबलाखालच्या खोक्याकडे गेली.

मुलगी भिंतीकडे बघत हळूहळू पुढे सरकली आणि बाईंच्या चित्रापाशी थांबली. चित्रांखाली नावं लावलेली नव्हती. "हेच ते," ती हरखून म्हणाली. "हा निळा कागद तिने माझ्याकडूनच मागून घेतला होता. किती छान जमलंय! आणि मी उगीच काळजी करत होते."

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी त्या गप्प बसल्या. तोवर मुलीने आईला व्हिडिओ कॉल लावून फोन चित्रासमोर धरला होता.

पलीकडे एका बाजूने ओढलेला चेहरा दिसला. तो चित्र निरखू लागला.

"हे माझं नाही," मुंगी म्हणाली. एकेक शब्द जड येत होता. बाई तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"असं काय करतेस आई, हा बघ ना तुझा कागद."

"कागद माझा. कात्री टाचणीची. वळणावर ती जरा थांबते. मी ओळखते." मुंगीने दम घेतला. "माझं कुठाय?"

मुलीने वळून बाईंकडे पाहिलं. आता काही सांगून निभावणार नव्हतं. बाई खाली वाकल्या, खोकं ओढलं आणि मधोमध भोक पडलेलं ते चित्र फोनसमोर धरलं.

"मी ओळखलं नाही गं तुला," त्या म्हणाल्या. "वाटलं, कुणा नवख्याचं असेल. म्हणून लावलं नाही. आणि कागद मी काढून घेतला."

पलीकडून रागाचा एक शब्द आला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. मुंगी नुसती आपल्या चित्राकडे बघत होती.

"इतकं वाईट झालंय का गं?" तिने विचारलं.