चांगशौचा खांदा

या, असे जवळ सरका. दाराशी वारा घोंगावतोय, तो बाहेरच बरा. आज एक गोष्ट सांगतो. रक्ताची आहे, मध्येच कान झाकावेसे वाटतील. झाकू नका. त्या दयाळूची करुणा कधीकधी अशा जागी सांडलेली असते की तिथवर पोचायला रक्तातूनच चालावं लागतं.

चीनच्या पार पश्चिमेकडल्या यांची गावचा तुओ एर्सा आणि त्याची बायको जुलेहा एकाच ट्रकवर असत. तो थकला की ती चालवी, ती थकली की तो. त्या दिवशी चेर्चेनहून वाळलेली लाल बोरं भरून दोघं उत्तरेला निघाले होते, वाळूच्या पोटातून जाणाऱ्या त्या सरळसोट रस्त्यानं. कुर्बानीची ईद तोंडावर आलेली. तरुणपणी एर्सा यांचीच्या मशिदीत ईदेला सुरी चालवायचा. त्याच्यासारखा हात गावात दुसरा नव्हता. जनावराला कळायच्या आत मोकळं करायचा. ती सुरी अजून सीटमागे गुंडाळून ठेवलेली असे.

"यंदा तरी बोलावलंय का कुणी?" जुलेहानं विचारलं.

"न बोलावता जाईन."

"न बोलावता तुम्ही जेवायला जाता, ते ठाऊक आहे मला. सुरी घेऊन गेलात तर लोक दारं लावून घेतील."

एर्सा हसला, आणि हसता हसताच त्यानं ब्रेक दाबला.

वाऱ्यानं भर दुपार पिवळी करून टाकली होती. रस्त्यावर चढून आलेल्या वाळूच्या ढिगाला धडकून मेंढ्यांचा एक दुमजली ट्रक कुशीवर पडला होता. फाळका तुटून मेंढ्या बाहेर फेकल्या गेल्या होत्या. कुणाची पाठ मोडलेली, कुणाची आतडी डांबरावर, कुणी पुढच्या दोन पायांवर मागचं धड ओढत निघालेली. हौद्यात अडकलेल्या मेंढ्या पत्र्यावर खूर आपटत होत्या.

त्यातून एक माणूस धावत आला. त्याचा उजवा हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळला होता.

"एर्साभाऊ ना तुम्ही? मशिदीतले? मी मिन चांगशौ, पश्चिम गल्लीतला. अल्लानंच धाडलं तुम्हाला. सुरी काढा लवकर."

"आधी सांग, ड्रायव्हर कुठाय?"

चांगशौनं खाली पाहिलं. "गेंग गेला."

एर्सा केबिनपाशी गेला. पुढची काच फुटली होती. आत गेंग कुशीवर पडलेला, पावलावर पुढचा सगळा पत्रा दुमडून आलेला, आणि तोंडावर चांगशौचा पंचा, कोपरे मानेमागे खोचलेले. वाऱ्यानं पंचा फडफडत होता. आमच्याकडे मेलेल्याचं तोंड एकदा झाकलं की परका माणूस ते उघडत नाही. त्यात गेंग दूरच्या हनान प्रांताचा, आपल्या धर्माचा नव्हे. त्याला हात लावायचा तर त्याच्या माणसांनी. एर्सानं तळवे वर करून दोन शब्द पुटपुटले आणि मागे फिरला. चूक झाली ती इथं. वाईट मनानं नाही झाली, अदब राखताना झाली.

"अख्ख्या गल्लीची कुर्बानी आहे ही," चांगशौ त्याच्या मागे मागे बोलत होता. "सुरीविना मेल्या तर मुरदाड होतील, कुत्र्यांना घालाव्या लागतील. माझा हात असा. तुम्ही कापा, भाऊ. तेवढं कापा."

एर्सानं बाह्या सारल्या. पहिलीचं डोकं काब्याकडे वळवलं, बिस्मिल्ला म्हटलं, सुरी ओढली. रक्त भसकन उडालं आणि वाळूनं ते गटकन पिऊन टाकलं. मग दुसरी. मग पाठ मोडलेली ती. प्रत्येकीच्या कानाशी अल्लाचं नाव घ्यायचं, प्रत्येकीला दुसरीपासून लपवायचं, असा त्याचा नेम. पण आता लपवायला जागा नव्हती. कापलेल्यांचे पाय त्याच्या नडग्यांवर आपटत होते. कोपरापर्यंत लाल झालेले हात वाळूनं खरखरीत झाले. मरणाऱ्या जीवाची सुटका करतो आहोत या समाधानात त्याचा हात भरधाव चालला. जुलेहा मेंढ्यांची डोकी धरत होती.

"अहो, केबिनमधून धूर येतोय," ती म्हणाली. "मी चावी बंद करून येते."

"राहू द्या, वहिनी," चांगशौ घाईनं म्हणाला. "तिकडे नका जाऊ."

ती काय त्याचं ऐकते. फुटलेल्या काचेतून तिनं हात घातला, चावी फिरवली, आणि तिथंच थबकली. वारा पंचा बाहेर उडवत होता. पण तोंडाच्या जागी, तेवढ्या वाटीएवढ्या जागेत, तो आत ओढला जात होता. सुटत होता. पुन्हा आत.

तिनं पंचा ओढून काढला.

मघाशी शुद्ध हरपलेल्या गेंगचे डोळे आता उघडे होते. दातांवर रक्त होतं. "आटपल्या का मेंढ्या?" तो म्हणाला. "की माझाही नंबर आहे रांगेत?"

जुलेहाची हाक ऐकून एर्सा धावत आला. गेंगला पाहिलं आणि वळून चांगशौकडे पाहिलं. चांगशौनं नजर चुकवली नाही. चुकवली असती तर बरं झालं असतं.

"श्वास होता त्याचा," चांगशौ म्हणाला. "होता. पण पाय अडकलेला, सोडवायला किती वेळ गेला असता. तुम्ही आधी त्याच्याकडे वळला असतात. तोवर सगळ्या मेल्या असत्या."

"आणि तोंड कशाला झाकलंस?"

"तो माझ्याकडे बघत होता."

एर्सानं त्याच्या तोंडावर सुरीची मूठ हाणली. दात तुटल्याचा आवाज झाला. चांगशौ पडला, उठला, आणि डाव्या हातात चाक खोलायची टॉमी घेऊन आला. लोखंड एर्साच्या बरगडीत बसलं. दोघं रक्तात घसरून कापलेल्या मेंढ्यांवर पडले. चांगशौनं त्याच्या मनगटाला दात लावले, एर्सानं त्याचा मोडका हात धरून पिळला. तो असा ओरडला की हौद्यातले खूर क्षणभर थांबले. एर्साची सुरी त्याच्या गळ्यावर आली. सवयीनं हात नेमक्या जागी गेला होता. जीभही हलली, नाव घ्यायला.

"एर्सा," जुलेहा म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. "आग लागलीय. माणूस आत आहे."

त्या जिभेवर जे नाव आलं होतं, त्यानंच त्याचा हात धरला, असं मी मानतो. तुम्ही न मानलं तरी चालेल. सुरी गळ्यावरून निघाली.

इंजिनाच्या खालून ज्वाळा जिभल्या चाटत होत्या. केबिनच्या चेपलेल्या छताचा वाळूला टेकलेला काठ थोडा उचलला तरच आत शिरता येणार होतं. एर्सानं जॅक लावला. जॅक वाळूत रुतला. फळी घालून लावला. फळी तिरपी होऊन निसटली. तिसऱ्यांदा तो लावणार तोच चांगशौ ओठांतून रक्त गाळत आला, गुडघे टेकले, आणि पाठ वाकवून डावा खांदा त्या काठाखाली घातला. तो गल्लीतला दांडगा गडी, ईदेला बैल आडवा पाडणारा. नरड्यातून घरघर काढत त्यानं काठ वर रेटला. एक फट उघडली.

"जा," तो म्हणाला.

एर्सा पोटावर सरपटत आत गेला. गेंगचं उजवं पाऊल घोट्याखाली पत्र्यात असं गेलं होतं की ते निघणार नव्हतं. धूर गळ्यात भरत होता.

"पाऊल इथंच राहणार, गेंगभाऊ."

"ठेव," गेंग म्हणाला. "तसंही त्यानं ब्रेक दाबायला उशीर केला."

मागून जुलेहानं ताडपत्रीची दोरी आत टाकली. एर्सानं ती नडगीवर करकचून आवळली. घोट्याचा सांधा कुठं सुटतो हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. पण सुरी टेकल्यावर तो थांबला. या सुरीबरोबर एकच शब्द यायचा, आणि तो जीव घेताना.

"म्हणा," जुलेहा बाहेरून म्हणाली. "आज जीव वाचवायचाय, आज तर मोठ्यानं म्हणा."

त्यानं बिस्मिल्ला म्हटलं. गेंग एकदा किंचाळला आणि मान टाकून निपचित झाला. स्नायूंचे धागे तुटले, हाड निखळलं, उष्ण रक्त एर्साच्या तोंडावर आलं. जुलेहानं गेंगला काखेत धरून ओढलं, एर्सानं मागून ढकललं, आणि तिघं वाळूवर बाहेर आले.

"सोड आता," एर्सा ओरडला. "चांगशौ, सरक."

चांगशौला सरकता येईना. त्या वजनानं तो मांडीपर्यंत वाळूत गेला होता, आणि काठ त्याच्या खांद्यात शिरला होता. आग त्याच्या कमरेला लागली होती. एर्सानं त्याचा डावा हात धरून ओढलं, पाय रोवून ओढलं. कातडी मोज्यासारखी त्याच्या हातात आली. चांगशौचा जबडा हलत होता. कलमा होता की दुसरं काही, वाऱ्यात कळलं नाही. मग डिझेलची टाकी पेटली, आणि जुलेहानं नवऱ्याला मानगुटीला धरून फरफटत मागे आणलं. केबिन धाडकन खाली बसली.

हौद्यातल्या मेंढ्यांचा आवाज बराच वेळ येत होता. नंतर तोही थांबला.

बोरांच्या पोत्यांवर गेंगला निजवून जुलेहानं गाडी अशी हाणली की रस्त्याकडेच्या पंपघरांची निळी छपरं नुसती मागे पळत गेली. एर्सा दोरी धरून बसला होता. लुंताईच्या दवाखान्यात गेंग वाचला.

यांचीला मात्र चांगशौचं नाव कुणी काढत नाही. लोक म्हणतात, माणसाला जिवंत झाकणारा जळून मेला, बरोबर न्याय झाला. त्याच्या घरच्यांनी ईदेला दार उघडलं नाही. एर्सा गेला होता तिथं. उंबऱ्यावर बसून राहिला, मग निघून आला. झाकलं त्यानंच, हे खरं. आणि त्या फटीखाली खांदा कुणाचा होता, हेही खरं. त्या दोहोंचा हिशोब वरच्याकडे, तो आपल्या आवाक्यातला नाही. पण तुम्ही नमाजेनंतर हात उचलाल, किंवा तुमच्या देवापुढे दिवा लावाल, तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की शेवटी एक परकं नाव घ्या. मिन चांगशौ. एवढं माझ्यासाठी करा.