मुलींच्या नावांत फालानिको

आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना मीच म्हणते. आधी मुलग्यांची नावं घेते, मग मुलींची. सहा वर्षं मी माझ्या लेकाचं, फालानिकोचं, नाव मुलींत घेत होते.

तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. चटया विणायला तो आम्हा बायकांतच बसायचा, आणि त्याच्याइतकी बारीक वीण गावात कुणाची नव्हती. पोरींकडे ढुंकून पाहायचा नाही. असा मुलगा दिसला की आमच्या सामोआत लोक सहज म्हणतात, हा फाआफाफिने, बाईच्या वळणाचा. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मीही तसंच धरून चालले.

चर्चमध्ये बायकांचा रविवार आला. सगळ्या पांढऱ्यात जातात, म्हणून मी त्याच्यासाठी पांढरा झगा शिवला.

"खांदे केवढे गं वहिनी! होडीचं शीड शिवतेस की काय?" नणंद सिएनी हसून म्हणाली.

झगा हातात दिला तसा त्याचा चेहरा उतरला.

"आई, सोमवारी मी न्यूझीलंडला चाललोय. सफरचंदं तोडायला. परत नाही येणार."

"झगा आवडला नाही म्हणून?"

तो हसला आणि हसताहसताच रडायला लागला. "आई, मी बाई नाही गं. कधीच नव्हतो. मला विणायला आवडतं, एवढंच."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर म्हणाली असतीस, लग्न कर. मला मुलगी नको. मी पुरुष आहे, आणि माझा जीव पुरुषावरच आहे. झगा घातला तर सगळे सांभाळून घेतात, लुंगीतल्या माझ्यासारख्याला कोण घेईल? तू रोज माझं नाव पोरींत घ्यायचीस, तेव्हा वाटायचं, देवालाही मी माहीत नाही."

खोटं कशाला बोलू, आधी मला पाद्रीबाबांचा चेहराच दिसला. मग दिसलं ते माझं पोर, सहा वर्षं डोळे मिटून आमेन म्हणणारं.

"देवाला माहीत होतं रे," मी म्हटलं. "मलाच कळलं नव्हतं."

तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसला. थोड्या वेळानं मी विचारलं, "आणि तो कोण?"

"मातागी. बँडमध्ये कर्णा वाजवतो."

"तो बेसूर?"

"आई!"

तेवढ्यात सिएनी आली. "काय गं, बसला का झगा?"

मी फालानिकोकडे पाहिलं. त्यानं 'सांग' म्हणून मान हलवली.

"नाही, वन्सं. आपला फालानिको पुरुषच आहे."

"अगंबाई! मग पोरगी बघायला हवी."

"तीही नको. त्याचा पुरुषावर जीव आहे."

सिएनी खांबाला धरून उभी राहिली. तिची नजर त्याच्यावरून माझ्यावर, माझ्यावरून त्याच्यावर.

"पाद्रीबाबा काय म्हणतील?"

"ते मला माहीत नाही. माझं लेकरू काय म्हणतंय, ते आज ऐकलं."

ती खांब सोडून पुढे आली. मग त्याच्यासमोर बसून म्हणाली, "मेल्या, ती मोठी चटई अर्धवट टाकून पळणार होतास ना?"

"नाही टाकत, आत्या. उद्या बसतो."

"बस तर! आमची बोटं झिजली."

तो पुन्हा हसला, या वेळी नुसताच.

सोमवारी तो गेला. विमानतळाकडे नेणाऱ्या बोटीवर चढताना मी न विचारताच त्यानं सांगितलं, मे महिन्याच्या शेवटी येतो. आता वाटेत जो भेटेल त्याला मी ते सांगत सुटते.