आडवी सायकल

रविवारी सकाळी समीक्षा आपल्या चार वर्षांच्या लेकीला, बोधीला, सायकलच्या दांडीवरच्या छोट्या सीटवर बसवायची आणि गंजगोलाईत यायची. लातूरच्या या गोल बाजारातून चहूकडे रस्ते फुटतात. त्यातला कुठला धरायचा ते बोधीनं ठरवायचं. तिनं बोट दाखवलं की समीक्षा हँडल वळवायची. अशा फिरण्यातूनच पोरीला शहर कळत गेलं होतं. कुठल्या गल्लीत गाद्या भरतात, कुठल्या दुकानापुढं लंगडी शेळी झोपते, सगळं तिला ठाऊक. आठवडाभर समीक्षा एका दवाखान्यात रक्त तपासायची. नवरा सुगत नांदेडला बँकेत होता, सुट्टीपुरता यायचा. ही एक सकाळ तेवढी मायलेकींची.

त्या दिवशी बोधीनं भुसार दुकानांकडचा रस्ता निवडला. पोत्यांवरच्या कबुतरांना हाका मारत ती चालली होती. एवढ्यात मागून हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. समीक्षा कडेनंच चालवत होती. त्यापलीकडं उघडी नालीच होती, आणखी सरकायचं कुठं? पांढरी मोठी गाडी अंगाला घासून पुढं गेली, तिचा आरसा हँडलला लागला आणि दोघी खडीवर पडल्या.

समीक्षानं आधी पोरीला उचललं. कोपर सोललं होतं, बाकी धड होती. एक चप्पल नालीत गेली होती.

गाडी थांबली. काच खाली झाली. आतला माणूस उतरलासुद्धा नाही.

"बाई, लेकराला मारायला घेऊन निघालीस का? एखादा ऑटो करावा की!"

समीक्षाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग तिच्या कानशिलात रक्त चढलं. तिनं बोधीला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं, सायकल उचलली आणि त्या गाडीच्या पुढ्यात नेऊन आडवी टाकली.

"खाली उतरा," ती म्हणाली. "आणि तिला सॉरी म्हणा. मला नको. तिला."

"चूक तुझी आन् सॉरी मी म्हणू?"

"मागून तुम्ही आलात. मला डोळे पाठीला नाहीत."

बघता बघता माणसं जमली. मागं टेम्पो, रिक्षा, सगळे भोंगे वाजवायला लागले. समीक्षाला वाटलं, आता कुणीतरी त्याला दोन शब्द सुनावेल. पण पानपट्टीवाला तिलाच म्हणाला, "ताई, जाऊ द्या ना. लेकरू सुखरूप हाय." एक म्हातारा म्हणाला, "एवढ्या रहदारीत लहान लेकरू सायकलवर आणतं का कुणी?" एका पोरानं मोबाईल वर धरला होता. गाडीवाला आता हसत होता.

ती हलली नसती. संध्याकाळपर्यंत हलली नसती. पण पायरीवरून बोधीचा हुंदका आला, "आई, घरी चल. आई, तू ओरडू नको."

समीक्षानं सायकल उचलली. कुणीतरी "शाबास" म्हणालं, त्या एका शब्दानं तिच्या अंगाची आग झाली. गाडी निघून गेली. रस्ता असा मोकळा झाला, जणू काही घडलंच नव्हतं.

घरी कोपराला मलम लावते तोवर सुगतचा फोन आला. पोरानं काढलेला व्हिडिओ त्याच्या कुठल्याशा ग्रुपवर पोचला होता.

"तुला किती वेळा सांगितलं? विकून टाक ती सायकल."

"मला लागलं का, ते विचारलंस?"

"विचारणारच होतो. पण भर रस्त्यात असा तमाशा—"

सासूनं, सरजाबाईनं, तिच्या हातातून फोन घेतला. सायकलवर म्हातारीचाही राग होता, पहिल्या दिवसापासून. आता आणखी ऐकावं लागणार, असं समीक्षाला वाटलं.

"सुगत, मला बी ते सायकलीचं पटत न्हाई, ती गोष्ट येगळी," म्हातारी म्हणाली. "पर तुझ्या बायकोला आन् लेकीला एकानं पाडलं, आन् तू जाब कुणाला इचारतोस? फोन ठेव. डोकं थंड झालं की कर."

समीक्षाला रडू आलं नाही. रागही उतरला नाही. सोमवारी ती गाडीचा नंबर घेऊन चौकीत गेली. "एवढं खरचटलंय, त्याची काय तक्रार घ्यायची?" म्हणून तिथल्यांनी तिला खुर्चीवरून उठवलं. रात्री भाकरी थापताना तिच्या हातांचा आवाज शेजारपर्यंत जात होता.

पुढच्या रविवारी सायकल बाहेर काढली, तर बोधी सीटवर बसेना. फाटकाच्या गजाला धरून उभी राहिली. "गाडी येईल," म्हणाली.

तेव्हा समीक्षाला कळलं, त्या माणसानं नुसती चप्पल आणि कोपराची कातडीच नेली नव्हती. तिला वाटलं, आत्ता तो समोर असता तर आपण काय केलं असतं सांगता येत नाही. तिनं लेकीला जबरदस्ती केली नाही.

"बरं. चालत जाऊ. तू सीटला धर."

सायकल हातात धरून दोघी निघाल्या. समीक्षा कडेनं चालली नाही. तिनं लेकीला नालीकडच्या बाजूला घेतलं, मधे सायकल, आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध. थोड्याच वेळात मागून हॉर्न सुरू झाला.

"आई, तो हॉर्न वाजवतोय."

"वाजवू दे."

"त्याला पुढं जायचंय."

"आपल्यालाही जायचंय," समीक्षा म्हणाली आणि तिनं चाल जराही वाढवली नाही.