मेंढी हलत नाही तेव्हा

कोर्टातल्या साक्षीच्या आदल्या दिवशी सकाळी आमचा मेंढा दाराच्या चौकटीला टांगलेला सापडला. गळा चिरलेला, जीभ बाहेर, रक्त उंबऱ्यावरून अंगणात उतरलेलं. माझ्या भाचीने सुरा आणला आणि दोर कापला. मेंढा धप्पकन पडला.

"आत्या, पाय धर. कातडं तरी वाया नको जायला."

आम्ही सोलायला बसलो. कोणी केलं ते विचारायची गरज नव्हती. मुकादमाचे दोघे भाऊ समोरच्या ओट्यावर चहा पीत होते.

"जनावर गेलं म्हणे आत्याबाई," थोरला म्हणाला. "जपून राहा. घरात दोघीच आहात."

"दोघी पुरतो," भाची मान वर न करता म्हणाली. "तुम्ही तिघे भाऊ असून आईच्या घरावर एक कौल धड नाही."

लोकर कातरायच्या गोठ्यावर मुकादमाचं राज्य होतं. कोणी किती मेंढ्या कातरायच्या, कोणाला उद्या बोलवायचं, सगळं त्याच्या हातात. हंगामात एका दुपारी बाकीच्या जेवायला गेल्या तेव्हा त्याने माझ्या भाचीला थांबवून घेतलं आणि दाराला कडी घातली.

ती घरी आली ती भिंत धरत. तोंड सुजलेलं, कपडे फाटलेले, रक्ताचे. मी काय केलं? पाणी तापवलं, तिला न्हाऊ घातलं. कपडे साबण लावून दोनदा धुतले, फाटलेलं शिवून टाकलं. जन्मभर नदीवर लोकर धुतलेली बाई मी. रक्त दिसलं की हात पाण्याकडे जातो. तीन दिवसांनी ती तक्रारीला उभी राहिली, तेव्हा मी ते कपडे घडी करून फौजदारापुढे ठेवले. त्याने ते नाकाशी नेले आणि कपाळाला हात लावला.

कातडं सोलता सोलता मी म्हणाले, "उद्या मी सांगते, गोठ्याच्या दाराच्या फटीतून बघितलं म्हणून."

"तेव्हा तू कुठे होतीस?"

"नदीवर."

"बरोबर कोण?"

"सहाजणी होत्या."

"त्यातली एक तरी त्याच्या वकिलाला सापडेल. आत्या, माझ्याजवळ एवढंच आहे, माझं सांगणं. त्यात तुझं खोटं कालवू नकोस."

दुसऱ्या दिवशी कोर्टात बाहेरच्यांना काढून, दार लावून साक्ष सुरू झाली. आधी मला उभं केलं.

"कपडे कोणी धुतले?" मुकादमाच्या वकिलाने विचारलं.

"मी."

"म्हणजे पुरावा तुम्हीच नाहीसा केलात."

"हो."

"प्रत्यक्ष काही पाहिलंत?"

ते खोटं अगदी जिभेवर आलं होतं. भाची माझ्याकडे बघत होती.

"नाही. मी नदीवर होते. तिचं सुजलेलं तोंड तेवढं पाहिलं."

वकील हसला. मुकादमही हसला. मग भाची उभी राहिली. तिने सगळं क्रमाने सांगितलं. कडी घातली. केस धरून डोकं खांबावर आपटलं, दोनदा. दात तुटला तो घशात गेला. पुढचंही सांगितलं, आवाज न चढवता. मी पदराचा बोळा तोंडात धरून बसले.

"तुम्ही मेंढा एकट्याने पाडता?" वकिलाने विचारलं.

"पाडते."

"एवढी ताकद. आणि त्यांच्या अंगावर साधा ओरखडा नाही. ओरडणं कोणी ऐकलं नाही. तुम्ही राजी होतात असं का म्हणू नये?"

"साहेब, तुम्ही कधी मेंढी कातरलीय?"

"प्रश्न मी विचारतो."

"बोलू द्या तिला," न्यायाधीश म्हणाले.

"उभी मेंढी दोघांना आवरत नाही. पण मागून धरून बुडावर बसवली, पाय जमिनीवरून सुटले, की ती गप्प होते. पोटावरून कातर फिरते तरी हलत नाही. म्हणून ती राजी असते का? तिचं काळीज फुटायला आलेलं असतं, ते धरणाऱ्याच्या हाताला कळतं. मला हे ह्यानेच शिकवलं. मलाही तसंच धरलं. माझं काळीज त्याच्या हाताला लागत होतं. त्याला सगळं कळत होतं."

मुकादमाचे हात कठड्यावर होते. ते त्याने खाली घेतले.

वकिलाने पुढे दोन तास तिला उलटसुलट विचारलं. तिचा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

पंधरा दिवसांनी निकाल वाचला. कपडे धुतले गेले ही घरच्यांची चूक आहे, लबाडी नाही. अशा गुन्ह्याला दुसरा साक्षीदार बहुधा नसतोच. हिची साक्ष कुठेही डळमळली नाही. विश्वास ठेवण्याजोगी असेल तर एक साक्ष पुरते. दहा वर्षं सक्तमजुरी.

"एका बाईच्या तोंडच्या शब्दावर दहा वर्षं," धाकटा भाऊ दारात थुंकून म्हणाला.

"तेच तोंड खांबावर आपटलं होतं ना त्याने," मी म्हणाले.

पुढच्या हंगामात भाची त्याच गोठ्यात गेली. आता ती मेंढी बुडावर बसवत नाही. उभी ठेवून कातरते, मी मान धरते. वेळ दुप्पट लागतो. दोघींच्या नडग्या लाथांनी काळ्यानिळ्या झाल्यात. परवा एका मेंढीने अशी लाथ हाणली की भाचीचा ओठ फुटला.

"अगं, बसव तिला खाली," गोठ्याचा मालक ओरडला. "अशाने हंगाम सरेल."

तिने ओठावरचं रक्त मनगटाने पुसलं आणि कातर पुन्हा उचलली.

"मारू दे लाथ," ती म्हणाली. "आत्या, मान जरा सैल धर."