पुरचुंडी

मावशीने तिसरं संत्रं पिळलं, बिया बोटांनी अडवल्या आणि रस कोंबडीच्या तुकड्यांवर ओतला. तळाशी कांदा चांगला लाल झाला होता. रस पडताच पातेलं चर्र करून उठलं, तसा तिला जरा धीर आला.

मावशी म्हणजे या घरात चार महिन्यांपूर्वी आलेली दुसरी बायको. आई म्हणायचं नाही, हे मुलीने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, आणि नावाने हाक मारणं बापाला पटेना. तेव्हा मावशी हे मधलं नातं निघालं. मुलगी अकरा वर्षांची. पेन्सिलींचे तुकडे, बसची तिकिटं, शिंपले असलं काय काय घरभर लपवून ठेवायची, म्हणून बाप तिला खारूताई म्हणे.

उद्या सकाळी खारूताई आजीकडे राहायला जाणार होती. सुट्टीपुरती नव्हे, कायमची. भांडण नाही, रुसवा नाही. ताटावर मान खाली घालून तिने बापाला एकदाच विचारलं होतं, आणि बापाने दोन दिवसांनी हो म्हटलं होतं. बॅग दाराशी उभी होती. मावशीला ते फार लागलं होतं. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "असं बरं दिसतं, की असं?" विचारायची; घरात या एका पोरीला आपण कुठल्या काचेतून बरं दिसू, ते काही तिला सापडलं नव्हतं. आज पोरीने आपल्या हातचं पोटभर खावं, एवढंच तिला हवं होतं. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात. दोन मागायची तर तिची हिंमतच नव्हती.

मावशीच्या हातची एकच गोष्ट खारूताई तोंड वाकडं न करता खायची, सोललेलं संत्रं. म्हणून मावशीने आज संत्रंच आचेवर चढवलं.

मसाल्यासाठी फळीवर हात घातला, तेव्हा पिठाच्या डब्याआड तिला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा लागला. आत कापडाची पुरचुंडी. सोडून बघते तर वाळून कडकडीत झालेली संत्र्याची सालं, दालचिनीचे तुकडे, मूठभर लवंगा. मावशी बघतच राहिली. म्हणजे आधीची, खारूताईची गेलेली आई, तीही संत्र्यात रांधायची. वरच्या फळीवरून तिनेच हात खाली करून घे म्हटल्यासारखं मावशीला वाटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. तिने सगळं तव्यावर भाजलं, कुटलं, पातेल्यात घातलं. हातचं काही राखलं नाही.

दुपार कलली. झाकणाखालून वाफ निघत राहिली, भिंतींवरचं ऊन पिवळ्याचं तांबूस झालं आणि वास हळूहळू एकेका खोलीत शिरत गेला. स्टुलावर बसल्या बसल्या मावशीचा डोळा लागला. कुणीतरी अनवाणी पायांनी घरभर फिरतंय, उशा झटकतंय, पडदे सारखे करतंय, असं तिला वाटत राहिलं. नवल म्हणजे भीती वाटली नाही.

दार वाजलं तशी ती जागी झाली. मैत्रिणींचा निरोप घेऊन खारूताई आली होती आणि एक चप्पल पायात, एक हातात अशी उंबऱ्यात थांबली होती. मग ती तडक आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली, स्टुलावर चढली, पत्र्याचा डबा काढला.

"यातली पुरचुंडी?"

"मसाल्याची? घातली की. सगळी."

"तो मसाला नव्हता. आईच्या कपाटातली होती ती. कपड्यांना कसर लागू नये म्हणून तिने केलेली. बाबांनी कपाट रिकामं केलं, तेव्हा मी काढून ठेवली."

मावशीच्या हातातला डाव हातातच राहिला.

"रोज उघडली तर वास संपतो," पोरगी डब्यात बघत म्हणाली. "म्हणून मी फक्त रविवारी उघडायचे."

"मला माहीत नव्हतं गं."

खारूताई बाहेर गेली. करायला गेलो काय आणि झालं काय, एवढंच मावशीच्या मनात फिरत राहिलं. बाहेर एक कडी वाजली, मग दुसरी. पोरगी आत्ताच निघाली, या धास्तीने ती धावत बाहेर आली.

खारूताई खिडक्या लावत होती. टाचा उंचावून, एकेक. जिन्याकडच्या खिडकीची कडी तिला पुरत नव्हती. मावशीने मागून हात लांबवून ती लावली. मग आत जाऊन ओट्यावरची स्वतःच लावली.

दोघी स्वयंपाकघरात खालीच बसल्या. पोरीने डोळे मिटले होते.

"इतका वास तर कपाटातसुद्धा यायचा नाही," ती म्हणाली.

मावशीने वाढलं. पोरगी एकेक घास नाकाशी धरून सावकाश खाऊ लागली.

दिवसभर चालवलेली फिरत्या वाचनालयाची गाडी लावून बाप घरी आला आणि दारातच थबकला. त्याचा हात चौकटीवर गेला.

"बाबा, आधी दार लावा."

त्याने दार लावलं आणि त्यालाच पाठ टेकून उभा राहिला. तिथूनच त्याने विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं मग?"

खारूताईने मावशीकडे पाहिलं.

"हा वास किती दिवस राहील?"

खोटं बोलायचा मोह मावशीला झाला. पण ती म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत. फार तर."

पोरीने थोडा विचार केला. मग ताट पुढे केलं.

"मग दुपारनंतर बघू," ती म्हणाली. "अजून वाढा. पण झाकण पटकन ठेवा."